आईच्या ताटापासून विश्वपरिषदेपर्यंत

कोणत्याही समाजाची खरी पुंजी त्याच्या पाळण्यात असते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. व्यापारउदीम, शिक्षण, धर्मकार्य आणि सेवाकार्य यांचा वारसा पुढे नेणारी पिढी सुदृढ असेल, तरच मागच्या पिढीने कष्टाने उभारलेल्या संस्थांना अर्थ उरतो. म्हणूनच एखाद्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना बालआरोग्याचा विचार होणे उचित आहे. हा विचार करण्यासाठी दूरच्या देशांकडे पाहण्याची गरज नाही. बालकाच्या आरोग्याचा पाया मातेच्या आरोग्यात असतो, हे जगाला शास्त्रीय पुराव्यासह पटवून देणाऱ्या कामाचा मोठा वाटा पुणे जिल्ह्यातील खेड्यांत उभा राहिला, हे मुळशीसारख्या तालुक्यात राहणाऱ्या अनेकांना आजही ठाऊक नसेल. त्या कामाची आणि ते ज्या परिषदांमधून जगापुढे आले त्या परिषदांची ही हकिकत आहे.

परिषदांची परंपरा

भारतात बालरोगशास्त्राला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळण्यास बराच काळ लागला. पूर्वी लहान मुलांचे आजार मोठ्यांच्याच वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे दाखवले जात आणि औषधाची मात्रा तेवढी कमी केली जाई. मुंबईत परळ येथे १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय सुरू झाले. कलकत्त्यात डॉ. के. सी. चौधुरी यांनी १९३३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ पेडिऍट्रिक्स’ हे नियतकालिक काढले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली मुंबईत डॉ. जॉर्ज कोएलो यांच्या पुढाकाराने बालरोगतज्ज्ञांची एक संघटना स्थापन झाली. पुढे मुंबईची ही संघटना आणि कलकत्त्याची संघटना यांचे एकीकरण होऊन १९६३ साली ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडिऍट्रिक्स’ ही अखिल भारतीय संस्था अस्तित्वात आली. १९६४ पासून ‘इंडियन पेडिऍट्रिक्स’ हे तिचे मुखपत्र निघू लागले.

या संस्थेचे वार्षिक अधिवेशन ‘पेडिकॉन’ या नावाने ओळखले जाते. दरवर्षी देशातील वेगवेगळ्या शहरांत ते भरते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर २०१८ साली नागपूरला आणि २०१९ साली मुंबईला हा मान मिळाला. गावोगावीचे बालरोगतज्ज्ञ, वैद्यकीय महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि संशोधक तेथे एकत्र येतात.

अशा वैज्ञानिक परिषदेत नेमके काय घडते, याविषयी सामान्य माणसाच्या मनात कुतूहल असते. हारतुरे, उद्घाटन आणि भोजन तेथेही असतेच. परंतु तिचा गाभा निराळा असतो. संशोधकाने आपल्या अभ्यासाचे सार काही महिने आधी थोड्या शब्दांत लिहून पाठवायचे असते. जाणकारांची समिती त्यातून निवड करते. निवडलेल्या काहींना व्यासपीठावर मोजक्या मिनिटांत निबंध सादर करण्याची संधी मिळते, तर काहींना आपले आकडे व आलेख मोठ्या फलकावर लावून त्याशेजारी उभे राहावे लागते. नंतर प्रश्न सुरू होतात. किती मुले तपासली? कशी निवडली? वजनकाटा कोणता होता? मध्येच किती मुले अभ्यासातून गळाली? ज्यांना उपचार दिला नाही अशांशी तुलना केली काय? घाऊक पेठेत मुरलेला व्यापारी नव्या मालाचा तागा उलगडून, सूत पारखून आणि माप घेऊन मगच सौदा करतो. विज्ञानाच्या पेठेतही तोच शिरस्ता आहे. तेथे नावापेक्षा आकड्याला आणि आकड्यापेक्षा तो कसा मिळवला याला अधिक किंमत असते.

इंग्लंडमधील जुनी चोपडी

या हकिकतीचा एक धागा इंग्लंडमध्ये सुरू होतो. हर्टफर्डशायर नावाच्या परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या परिचारिका सुईणींच्या कामावर देखरेख करीत असत. त्यांच्या व्यवस्थेनुसार १९११ सालापासून तेथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे जन्माच्या वेळचे आणि एक वर्षाचे वजन चोपड्यांमध्ये लिहून ठेवण्यात येऊ लागले. या नोंदींचा पुढे कोणाला काय उपयोग होईल, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

अनेक दशकांनंतर साउथॅम्प्टन विद्यापीठातील डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या चोपड्या आल्या. त्यांनी १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला आणि १९८९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचे वजन जन्मतः आणि वर्षाचे असताना सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त होते. उतारवयातील आजाराचे बीज गर्भात आणि बालपणीच पेरले जाते, हा विचार त्यातून पुढे आला. आरंभी अनेकांनी त्यावर टीका केली. हृदयविकार हा सुबत्तेचा आजार मानला जात असताना त्याचे मूळ मातेच्या उपासमारीत शोधणे कित्येकांना विचित्र वाटले.

भारतात याची पडताळणी होणे आवश्यक होते, कारण कमी वजनाची बाळे आणि झपाट्याने वाढणारा मधुमेह या दोन्ही गोष्टी येथे एकाच वेळी दिसत होत्या. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ पासूनच्या जन्मनोंदी जपून ठेवलेल्या होत्या. तेथे जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांची तपासणी करून १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जन्मवजन व हृदयविकार यांचा संबंध आढळला. जतन केलेली चोपडी किती मोलाची ठरते, याचे हे दुसरे उदाहरण होय.

पुण्यातील पायाभरणी

पुण्यात या कामाची भूमी आधीच तयार झाली होती. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शहरातील रुग्णालयाच्या भिंती ओलांडून खेड्याकडे पाहिले. शिरूर तालुक्यातील वढू येथे १९७७ साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला. गावातीलच स्त्रीपुरुषांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवक बनवावे, ही त्यामागील दृष्टी होती. या कार्याबद्दल १९९३ साली डॉ. कोयाजी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ साली त्यांचे निधन झाले.

त्याच रुग्णालयात डॉ. आनंद पंडित यांच्या नेतृत्वाखाली नवजात बालकांच्या उपचाराचे काम आकारास आले. डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. रुग्णालयात जन्मलेली मुले चार वर्षांची झाल्यावर डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या रक्तातील साखर व इन्सुलिन तपासले. जन्मतः कमी वजन असलेल्या मुलांमध्ये ग्लुकोजचे पाणी दिल्यानंतर साखर व इन्सुलिन दोन्ही अधिक वाढल्याचे आढळले. हा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांच्या, दिसायला सडपातळ असणाऱ्या बालकांत पुढील मधुमेहाची चाहूल लागावी, ही बाब विचार करायला लावणारी होती.

सहा गावांतील माता

आता पुढचा प्रश्न उभा राहिला. बाळ कमी वजनाचे का जन्मते? हे शोधायचे तर बाळंतपणाच्या दिवशी काटा घेऊन बसण्यात अर्थ नव्हता. गर्भ राहण्यापूर्वीपासून मातेचा अभ्यास करणे भाग होते. १९९३ साली पुण्यापासून काही अंतरावरील सहा अवर्षणप्रवण गावांमध्ये ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने हे काम सुरू झाले. के.ई.एम. रुग्णालयाचे संशोधन केंद्र, पुण्याचीच आघारकर संशोधन संस्था आणि साउथॅम्प्टनचे संशोधक यांचा त्यात सहभाग होता. आघारकर संस्थेतील डॉ. शोभा राव यांनी मातांच्या आहाराच्या अभ्यासाची धुरा वाहिली.

सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांनी या अभ्यासास संमती दिली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जात, पाळी चुकली काय याची चौकशी करीत, उंची, वजन आणि दंडाचा घेर मोजीत. गर्भ राहिलेल्या सुमारे आठशे स्त्रियांच्या आहाराची, श्रमांची आणि रक्ताची नोंद ठेवण्यात आली. बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत त्याची मापे घेण्याचा दंडक होता. शेतावर खुरपणी चालू आहे, आड दूर आहे, घरी सासूबाईंची परवानगी हवी, अशा परिस्थितीत हे काम करणे किती कठीण असेल, याची कल्पना खेड्याशी परिचय असणाऱ्यांना सहज येईल. या अभ्यासाचे श्रेय संशोधकांइतकेच त्या माउलींनाही द्यावयास हवे.

जे आकडे हाती आले ते बोलके होते. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. दोन्ही ठिकाणच्या बाळांची मापे शेजारी ठेवल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसली. पुण्याकडील बाळांचे पोट लहान होते, स्नायू कमी होते, डोके लहान होते. परंतु कातडीखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ हडकुळे असूनही आतून मेदयुक्त होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा बाळाला ‘कृश परंतु मेदयुक्त’ या अर्थाचे नाव देण्यात आले आणि ते जगभर रूढ झाले.

याच गोष्टीचे एक गमतीदार प्रात्यक्षिक २००४ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात छापून आले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील मित्र डॉ. जॉन युडकिन यांची छायाचित्रे शेजारी शेजारी दिली होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. काटा समान, पण वजनात कशाचा भाग किती याचा हिशेब अगदी वेगळा, हे एका छायाचित्राने जगाला समजावले.

आहाराच्या बाबतीतही अपेक्षेपेक्षा निराळे उत्तर मिळाले. माता एकूण किती उष्मांक आणि प्रथिने घेते, याचा बाळाच्या वजनाशी स्पष्ट संबंध दिसला नाही. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे मात्र अधिक चांगल्या मापाची होती. डॉ. शोभा राव यांचा हा निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. गर्भारपणात पाणी वाहणे, शेतीकाम आदी श्रम अधिक असणाऱ्या मातांची बाळे लहान असतात, हेही पुढे त्यांनी दाखवले. मेथी, चाकवत, राजगिरा आणि पेलाभर दूध यांची थोरवी आजीबाईंना माहीत होतीच. आता तिला मोजमापाचा आधार मिळाला.

मुंबईतील विश्वपरिषद

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईत एक महत्त्वाची परिषद भरली. ‘प्रौढवयातील रोगांचे गर्भकालीन उगम’ या विषयावरील ही पहिली जागतिक परिषद होती. या विद्याशाखेचा उगम इंग्लंडमध्ये झाला असताना तिचे पहिले जागतिक संमेलन भारतात, आणि तेही महाराष्ट्राच्या राजधानीत भरावे, ही घटना अर्थपूर्ण होती. कमी वजनाच्या बाळांचा आणि वाढत्या मधुमेहाचा प्रश्न ज्या भूमीत सर्वांत तीव्र आहे, तेथेच त्याचा विचार व्हावा, याहून उचित काय असू शकते?

पुढची परिषद २००३ साली इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे आणि तिसरी २००५ साली कॅनडात टोरोंटो येथे झाली. विषयाची व्याप्ती वाढली, तसे नावही बदलून ‘आरोग्य व रोग यांचे विकासकालीन उगम’ असे करण्यात आले. २०१५ साली ही परिषद आफ्रिकेत केपटाऊन येथे, तर २०१९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे भरली. पूर्वी बालरोगतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ आपापल्या वेगळ्या परिषदांना जात. आता एकाच माणसाच्या आयुष्याचे तीन टप्पे पाहणारे हे तीन वैद्य एका मंडपात बसू लागले, ही या परिषदांची मोठी देणगी म्हणावी लागेल.

बी-१२ आणि शाकाहारी समाज

यानंतरचा भाग जैन वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. पुण्यातील संशोधकांनी रक्ताच्या तपासण्या पुढे नेल्या, तेव्हा ब-जीवनसत्त्वांपैकी बी-१२ या घटकाची मोठी कमतरता उघडकीस आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची तपासणी करण्यात आली होती. त्यांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होते. ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशी विभागणी केल्यावर सर्वाधिक कमतरता शहरी मध्यमवर्गात, म्हणजे ८१ टक्के इतकी आढळली. मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी व्यक्तींना हा धोका ४.४ पट होता. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरातही एखाद्या सूक्ष्म घटकाची उपासमार चालू असू शकते, हे या आकड्यांनी दाखवून दिले.

गर्भवती मातांच्या बाबतीत चित्र याहून चिंताजनक होते. सहा गावांतील मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते; फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर, पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. हा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ गर्भवतीने फोलिक ॲसिडची गोळी सोडावी असा मुळीच नव्हे. बाळाच्या मेंदूच्या व मज्जारज्जूच्या वाढीसाठी ती आवश्यकच आहे. तिच्या जोडीला बी-१२ पुरेसे आहे ना, हे पाहणे अगत्याचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत तयार होत नाही. ते सूक्ष्म जीवाणू बनवतात. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते. त्यामुळे शाकाहार हा दोष आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अहिंसेच्या भूमिकेतून स्वीकारलेला आहार आणि सुदृढ संतती यांत विरोध नाही. मात्र त्या आहारात ज्या एका घटकाची उणीव राहू शकते, ती डोळसपणे भरून काढणे हे कर्तव्य आहे. औषधरूपातील बी-१२ जीवाणूंच्या किण्वनातून तयार करतात, त्यासाठी मांसाची गरज नसते. कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे असू शकते, म्हणून साधी गोळी मागून घ्यावी. ज्यांच्या घरी दूध वर्ज्य करण्याचा किंवा दीर्घ तपश्चर्येचा संकल्प असेल, तेथे विवाहयोग्य मुलींच्या व गर्भवतींच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. यथाशक्ती तप हा विवेक धर्माने सांगितलाच आहे.

पुढची पिढी, पुढचे प्रयोग

निरीक्षणातून संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. परिषदांमध्ये हा आक्षेप वारंवार घेतला जाई आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर प्रत्यक्ष प्रयोगानेच द्यावे लागते. मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली असा प्रयोग हाती घेतला. सहा हजारांहून अधिक स्त्रियांना दोन गटांत विभागून एका गटाला गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनवलेला शाकाहारी खाऊ रोज देण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता बाळाच्या वजनात ठळक फरक पडला नाही. परंतु ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने हा खाऊ घेतला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. गर्भारपणातील मधुमेहही या खाऊच्या गटात कमी आढळला. वाढ लहान दिसते खरी. पण गर्भ राहिल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीपासून तयारी हवी, हा धडा तिच्यात आहे.

पुणे जिल्ह्यातील त्या सहा गावांत जन्मलेली मुले आता तरुण झाली. अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे निम्म्या तरुणांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते आणि तरीही ३७ टक्के मुलांमध्ये व १८ टक्के मुलींमध्ये रक्तातील साखरेचे नियमन बिघडू लागल्याचे आढळले. याच पिढीतील ५५७ तरुण-तरुणींवर २०१२ साली एक नवा प्रयोग सुरू झाला. काहींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि काहींना औषधविरहित गोळी अशी त्याची मांडणी होती. यांपैकी मुलींचे विवाह होऊन त्यांना बाळे झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, गर्भधारणेपूर्वीपासून बी-१२ घेतलेल्या मातांच्या मुलांचा दुसऱ्या वर्षीचा बौद्धिक व भाषिक विकास तुलनेने चांगला दिसला. तपासलेल्या मुलांची संख्या फार नव्हती, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. परंतु दिशा आशादायक आहे. आजी, आई आणि नातवंड अशा तीन पिढ्यांची नोंद एकाच चोपडीत असणे, ही गोष्ट जगातही दुर्मीळ आहे.

महाराष्ट्रातील दुसऱ्या एका कार्याचा उल्लेख येथे अनिवार्य ठरतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून सुमारे २५ पर्यंत खाली आले. हा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला त्याचाच आधार मिळाला. पुणे असो वा गडचिरोली, खेड्यातील साध्या स्त्रीच्या हाती वजनकाटा व वही दिली, की ती विज्ञानाच्या कामात बरोबरीने उभी राहते, हेच यातून सिद्ध झाले.

मुळशीच्या संदर्भात

या संपूर्ण इतिहासाचे प्रतिबिंब पाहायचे असेल तर मुळशी तालुक्याइतके योग्य स्थळ नाही. एका टोकाला ताम्हिणीकडील डोंगरवस्त्या, मुसळधार पाऊस, भातखाचरे आणि धरणाखाली गेलेल्या गावांची आठवण. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह याच मातीने पाहिला. दुसऱ्या टोकाला हिंजवडीची संगणकनगरी आणि पिरंगुटचे कारखाने. ज्या मातेने डोक्यावर हंडे वाहिले, आंबेमोहोराची रोपे लावली आणि स्वतः मात्र उरलेसुरले खाल्ले, तिचाच मुलगा आज दहा तास खुर्चीत बसून काम करतो, गाडीने घरी जातो आणि रात्री उशिरा जेवतो. गर्भात टंचाईची सवय लागलेल्या शरीराला पुढे सुबत्ता पेलवत नाही, हा सिद्धांत येथे एका पिढीच्या अंतरावर डोळ्यांनी दिसतो. याच तालुक्यातील लवळे येथे २०२० साली मुलींसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही या दृष्टीने समाधानाची बाब आहे.

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. बालआरोग्याच्या कार्यात त्यांपैकी पहिल्या तिन्हींचा संगम होतो आणि निरोगी जन्म हे बालकासाठी अभयदानच होय. पौड, पिरंगुट आणि परिसरातील समाजबांधवांनी पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर पुढील संकल्प करताना काही साध्या गोष्टी मनावर घ्याव्यात. विवाहापूर्वी पत्रिका जुळवण्याबरोबर मुलीचे हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासले जावे. नवी सून घरात आली की तिच्या ताटातील पालेभाजी, फळ आणि दूध यांकडे सासूबाईंनी स्वतः लक्ष द्यावे. सर्वांत शेवटी जेवण्याची रीत तिच्यासाठी तरी बंद व्हावी. शिबिरे भरवायची तर ती केवळ वृद्धांच्या मधुमेहासाठी न भरवता किशोरवयीन मुलींसाठीही भरवावीत आणि डोंगरवस्तीवरील भगिनींना त्यांत आग्रहाने बोलवावे.

आणखी एक काम व्यापारी समाजाला विशेष शोभणारे आहे. पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या या समाजाने बाळांच्या जन्मवजनाची एक वही घालावी. प्रत्येक कुटुंबाच्या संमतीने त्यात बाळाचे जन्मवजन, वर्षाचे वजन आणि मातेच्या तपासणीचे आकडे लिहावेत आणि ती वही विश्वासाने जपावी. हर्टफर्डशायरच्या परिचारिकेने आणि म्हैसूरच्या रुग्णालयाने जपलेल्या चोपड्यांनी कित्येक दशकांनंतर जगाला वाट दाखवली. मुळशीत आज लिहिलेल्या नोंदी संस्थेच्या शताब्दी वर्षात कोण वाचील आणि त्यातून कोणाच्या लेकराचे कल्याण साधेल, हे आज सांगता येणार नाही. वही मात्र आजच घालावी लागेल.